हँडलिंग चार्जेस

"हँडलिंग चार्जेस : ३५०." बिलावरची ही ओळ मी तीनदा वाचली.

कारण दवाखान्यात चिंगीला, म्हणजे माझ्या मांजरीला, धरून मीच उभी होते. टॉवेलात गुंडाळून, छातीशी घट्ट. हातावरचे ओरखडे अजून चुरचुरतायत.

विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, ते सिस्टिममध्ये आपोआप येतं." तिचा तरी काय दोष!

दुखणं काय, तर कानात किडे. त्यासाठी आधी एस्टिमेटवर सही, मग रक्ततपासणीचं पॅकेज, मग डॉक्टर. फॉर्मवर मी 'पेट पेरेंट'.

याच जागेत आमचे जुने डॉक्टर बसायचे. चिंगी टेबलाखाली शिरली की तेही गुडघे टेकून खाली. ते रिटायर झाले, दवाखाना एका साखळीने घेतला. आता एसी आहे, कॉफीचं मशीन आहे, आणि दर खेपेला नवा डॉक्टर.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बैलघोड्याला न्यायचं की!" परळचं ते धर्मादाय हॉस्पिटल १८८३ पासून उभं आहे, खरंय. पण डोंबिवलीहून, गर्दीच्या लोकलने, मांजर घेऊन?

गेटवर वॉचमनने विचारलं, "ताई, किती घेतले?" त्याचा भुऱ्याही आठवडाभर कान खाजवतोय.

मी निम्माच आकडा सांगितला. तरी तो गप्प झाला.