३८व्या फेरीवर लिहिलेली नोंद

फॉर्म्युला वनची शर्यत पाहताना मी जवळ एक वही ठेवतो. एखादा निर्णय तोंडावर आला आहे असे वाटले की, त्या संघाच्या जागी मी असतो तर काय केले असते ते दोन ओळींत लिहायचे, शेजारी फेरीचा क्रमांक टाकायचा आणि नंतर त्यातला एकही शब्द खोडायचा नाही, एवढाच माझा नियम आहे. ही सवय मला शर्यतीनंतरच्या वादांमुळे लागली. चौकटींचा झेंडा पडला की आमच्या मित्रमंडळीत प्रत्येकाला सगळे आधीपासूनच दिसत होते असे निघते. जिंकलेल्या संघाचे डावपेच अचूक ठरतात, हरलेल्या संघाचे खुळचट ठरतात आणि ड्रायव्हरचे मूल्यमापन त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडते. आपल्याला खरोखर काय दिसत होते हे निदान मला तरी नंतर तपासता यावे, म्हणून ती वही.

१ सप्टेंबर २०२४ रोजी इटलीत झालेल्या मोन्झाच्या शर्यतीचे पान अजून माझ्यासमोर आहे. त्यावर लिहिले आहे: "फेरी ३८. पियास्त्री दुसऱ्यांदा आत आला. फेरारीने लेक्लेर्कलाही लगेच बोलवावे, नाहीतर शेवटी दोन्ही मॅक्लारेन त्याला गाठतील." आत येणे म्हणजे टायर बदलायला पिटमध्ये थांबणे. फेरारीने त्याला बोलावले नाही. शार्ल लेक्लेर्कने १५व्या फेरीला घेतलेल्या हार्ड, म्हणजे सर्वांत टिकाऊ, टायरवर उरलेल्या ३८ फेऱ्या काढल्या आणि मॅक्लारेनच्या ऑस्कर पियास्त्रीच्या २.६६४ सेकंद आधी शर्यत संपवली.

त्या रात्रीच्या वादात पहिलाच मुद्दा निघाला तो असा, की हा विजय फेरारीच्या पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला डावपेच ठरवायला, बसलेल्या माणसांचा आहे. मित्राचे म्हणणे होते, "अरे, एकदाच थांबायचे हे त्यांनी ठरवले. लेक्लेर्कने फक्त गाडी शेवटपर्यंत आणली." हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण त्याच संघाची दुसरी गाडी पाहिली की ते टिकत नाही. कार्लोस साइन्झही त्या दिवशी एकदाच थांबला होता, आणि तोही लेक्लेर्कपेक्षा काही फेऱ्या उशिरा, म्हणजे त्याचे टायर त्या मानाने ताजे होते. तरीही शेवटच्या टप्प्यात दोन्ही मॅक्लारेन त्याच्या पुढे निघून गेल्या आणि तो चौथा आला. गाडी तीच, संघ तोच, बेत तोच, आणि निकालात तीन क्रमांकांचे अंतर. हा फरक पिट वॉलने पाडलेला नाही.

तो कसा पडला हे समजून घ्यायचे तर टायरकडे अगदी जवळून पाहावे लागते. मोन्झाच्या ट्रॅकवर त्या वर्षी नवे डांबर घातलेले होते आणि शनिवार-रविवारभर सगळे संघ ग्रेनिंगच्या चिंतेत होते. टायर थोडासा घसरला की त्याच्या पृष्ठभागावरचे रबर फाटते, त्याचे बारीक कण सुटतात आणि पुन्हा टायरलाच चिकटतात. मग टायर डांबरावर सपाट टेकत नाही, जणू त्याच्याखाली खडी पसरली आहे. मोन्झाची लेस्मोची दोन वळणे आणि सरळ पट्ट्यावर आणून सोडणारे शेवटचे लांब वळण उजवीकडे वळतात, त्यामुळे सगळा भार पुढच्या डाव्या टायरवर येतो. ग्रेनिंग सुरू झाल्यावर ड्रायव्हरने घाई केली, स्टिअरिंग जास्त वळवून गाडी जबरदस्तीने आत ओढली, तर टायर आणखी फाटतो. त्याने काही फेऱ्या धीर धरला, वळणाच्या थोडे आधी पाय उचलला, स्टिअरिंग एका लयीत आणि थोडेच वळवले, तर तो चिकटलेला थर हळूहळू झिजून जातो आणि खालचे चांगले रबर पुन्हा रस्त्याला लागते. पडद्यावर यातले काहीही दिसत नाही. तेवढा वेळ तो ड्रायव्हर आपल्याला संथ वाटतो, आणि आपण मनातल्या मनात त्याच्या नावापुढे एक फुली मारून मोकळे होतो.

म्हणून "ड्रायव्हर की डावपेच" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ३८व्या फेरीला फेरारीसमोर न थांबण्याचा पर्याय शिल्लक होता, कारण लेक्लेर्कने विसाव्या-पंचविसाव्या फेरीला तो जपून ठेवला होता. संघ पर्याय निवडतो, पण त्यातले बरेचसे पर्याय ड्रायव्हरच्या पायांनी आणि हातांनी आधीच घडवलेले असतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या टायरमध्ये अजून जीव आहे असे ड्रायव्हरला जाणवते, त्यावर विश्वास ठेवून पंधरा फेऱ्या हात आवरून बसणे, तेही मागची गाडी दर फेरीला साधारण सेकंदभराने जवळ येत असताना, हे पिट वॉलवरच्या माणसांसाठी सोपे नसते. मी घरी बसून तेवढा धीर धरू शकलो नव्हतो, हे माझी वही सांगते.

दुसरा वाद मॅक्लारेनवरून झाला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. "हातातली शर्यत घालवली," असे एकमत जवळजवळ झालेच होते. मी तेवढ्यावर सहमत झालो नाही. पियास्त्रीचा पुढचा डावा टायर त्रास देत होता आणि पुढे आणखी पंधरा फेऱ्या तो टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. त्या माहितीवर त्याला आत बोलावणे हा निर्णय, एका गाडीपुरता पाहिला तर, समजण्यासारखा होता. माझा आक्षेप वेगळा आहे. लँडो नॉरिस ३२व्या फेरीलाच दुसऱ्यांदा थांबून गेला होता, म्हणजे दोन थांब्यांचा बेत मॅक्लारेनच्या एका गाडीने आधीच पक्का केला होता. अशा वेळी दुसरी गाडी बाहेर ठेवली असती तर दोन्ही शक्यतांवर त्यांचा एकेक माणूस राहिला असता. टायर कोसळले असते तर नॉरिस होता, टिकले असते तर पियास्त्री होता. त्यांनी दोन्ही गाड्या एकाच शक्यतेवर लावल्या आणि दुसरी शक्यता लेक्लेर्कला मोकळी करून दिली. हा मुद्दा निकाल न पाहताही मांडता येतो, म्हणूनच मी त्याला टीका म्हणतो. केवळ निकाल पाहून केलेल्या बोलण्याला मी टीका म्हणत नाही.

याच शर्यतीत अंडरकटही, म्हणजे आधी थांबून पुढच्याला मागे टाकण्याचा डावही, स्वच्छ दिसला होता आणि त्यावर कोणी फारसे बोलले नाही. पहिल्या फेरीत पियास्त्रीने नॉरिसला मागे टाकले आणि त्या गडबडीत लेक्लेर्कही नॉरिसच्या पुढे निघाला. मग नॉरिस १४व्या फेरीला थांबला, लेक्लेर्क १५व्या. त्या एका फेरीत नॉरिसच्या नव्या टायरने इतका वेळ मिळवला, की लेक्लेर्क पिटमधून बाहेर पडला तेव्हा नॉरिस त्याच्या पुढे होता. ट्रॅकवर गाठणे अवघड असलेली गाडी अशा रीतीने केवळ एक फेरी आधी थांबून मागे टाकता येते. यात ड्रायव्हरचा वाटा काय, तर पिटमधून बाहेर आल्यावरची ती एकच फेरी, जी थंड नसलेल्या पण अजून पूर्ण तापलेल्याही नसलेल्या टायरवर एकही चूक न करता काढावी लागते. ती फेरी बिघडली तर संघाचे सगळे गणित वाया जाते.

त्याच वर्षी २१ जुलैला हंगेरीतल्या हंगारोरिंगवर हेच हत्यार एका संघाच्या स्वतःच्याच घरात चालले होते. पियास्त्री आघाडीवर होता, नॉरिस दुसरा होता, आणि मागचा लुईस हॅमिल्टन ४०व्या फेरीला थांबल्यामुळे, तो नॉरिसच्या पुढे निघू नये म्हणून, मॅक्लारेनने आधी दुसऱ्या क्रमांकावरच्या नॉरिसला, ४५व्या फेरीला, आत घेतले. पियास्त्रीला ४७व्या फेरीला घेतले. साहजिकच नॉरिस पुढे गेला. मग जवळजवळ वीस फेऱ्या रेडिओवर त्याची मनधरणी चालली आणि ७० फेऱ्यांच्या शर्यतीत ६८व्या फेरीला त्याने पियास्त्रीला वाट दिली. पियास्त्रीचा तो पहिला विजय होता. नॉरिसने ऐकायला नको होते असे आमच्यातले दोघे आजही म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे: ती आघाडी नॉरिसने वेगाने कमावलेली नव्हती, संघाने थांबण्याच्या क्रमाने ती त्याला दिलेली होती, आणि ती परत करणे रास्त होते. त्याने इतका वेळ घ्यायला नको होता. पण त्याहून मोठी चूक तो क्रम लावणाऱ्यांची होती, कारण दोन ड्रायव्हरांमध्ये तो प्रसंग त्यांनी स्वतः ओढवून घेतला.

बोलता बोलता गाडी नेहमीप्रमाणे रशियातल्या सोचीवर आली. २६ सप्टेंबर २०२१ची ती शर्यत, नॉरिसची पहिली पोल (सर्वांत पुढून सुरुवात) आणि ५३ फेऱ्यांपैकी शेवटच्या काही फेऱ्यांत आलेला पाऊस. मित्र म्हणाला, "संघ विचारत होता, तो नाही म्हणाला. इतका हट्टी ड्रायव्हर असेल तर डावपेच आखणाऱ्याने करायचे काय?" नॉरिस कोरड्या रस्त्याच्या टायरवर बाहेर राहिला, पाऊस वाढला, ५१व्या फेरीला तो घसरून ट्रॅकबाहेर गेला, हॅमिल्टन त्याच्या पुढे निघून गेला आणि आपला शंभरावा विजय घेऊन आला. नॉरिस सातवा आला. इथे हट्ट हा शब्द सहज सुचतो, हे मी मान्य करतो.

पण हॅमिल्टननेही पहिल्यांदा बोलावल्यावर ऐकले नव्हते. त्याच्या संघाने, मर्सिडीजने, आत ये म्हटले आणि तो पिटचे तोंड ओलांडून सरळ पुढे गेला. पुढच्या फेरीला संघाने पुन्हा तितक्याच ठामपणे सांगितले, तेव्हा तो ४९व्या फेरीच्या शेवटी आत आला. म्हणजे दोन्ही ड्रायव्हरांची पहिली भावना एकच होती, आणि ती होणारच होती, कारण ट्रॅकचा एक भाग ओला होत होता आणि उरलेला अजून बऱ्यापैकी कोरडा होता. गाडीत बसलेल्या माणसाला फक्त तो ज्या वळणावर आहे तेवढाच पाऊस कळतो. येणारा पाऊस कळतो तो रडार पाहणाऱ्याला. मर्सिडीजने ती माहिती आज्ञेच्या सुरात दिली. मॅक्लारेनचा अंदाज पाऊस हलकाच राहील असा होता आणि त्यांनी निर्णय बराचसा ड्रायव्हरवर सोडला.

याच्या जोडीला आघाडीवर असण्याचे ओझे धरावे लागते. पहिल्या क्रमांकावरचा माणूस थांबला आणि पाऊस ओसरला, तर त्याचा विजय गेला. दुसऱ्या क्रमांकावरचा माणूस पुढच्याच्या उलट करून पाहू शकतो, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे कमी असते. मॅक्स व्हर्स्टापेनकडे तर सर्वात कमी होते: इंजिन बदलल्याच्या शिक्षेमुळे तो सगळ्यांच्या मागून सुटलेला होता, पाऊस सुरू झाला तेव्हा सातव्या स्थानाच्या आसपास होता, हॅमिल्टनच्याही एक फेरी आधी तो आत आला आणि दुसरा आला. त्याच्या त्या निर्णयाचे मला कौतुक आहे. मात्र तो आणि नॉरिस एकाच प्रश्नाला उत्तर देत होते असे मी म्हणणार नाही.

मित्राला हे पटत नव्हते. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, की पाऊस वाढणार हे पडद्यावर सरळ दिसत होते. तेव्हा मी उठून वहीची जुनी पाने उलटली आणि सोचीचे पान त्याच्या हातात दिले. शाई थोडी पसरली आहे, कारण ते मी घाईत लिहिले होते. "फेरी ४७. सरी हलक्या. नॉरिसने बाहेरच राहावे. आत आला तर जिंकलेली शर्यत जाईल." त्याखाली, दुसऱ्या हस्ताक्षरात: "सहमत." ते हस्ताक्षर त्याचेच होते. त्या शर्यतीला तो माझ्या शेजारी बसला होता आणि हे तो पार विसरला होता.

त्याने ते पान बराच वेळ पाहिले. मग त्याने वही मिटली नाही, फेरी ४८ आणि ४९च्या नोंदी कुठे आहेत ते विचारले. त्या नव्हत्या, त्या दोन फेऱ्या आम्ही दोघेही पडद्यावरून नजर न काढता पाहिल्या होत्या. "मग निदान रडारचे तरी बोल," तो म्हणाला, "४८व्या फेरीला मॅक्लारेनपुढे नेमके काय असेल आणि मर्सिडीजपुढे काय?" आणि त्या प्रश्नावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो.