पत्रं वाटणं ही कसली युद्धसेवा?

सिक्स ट्रिपल एटबद्दल मी कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच, तुम्ही पण विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, 6888 म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मीने परदेशात पाठवलेली कृष्णवर्णीय बायकांची एकमेव तुकडी. 855 जणी, कमांडर मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स, वय 26. फेब्रुवारी 1945 ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोचल्या तर गोदामं सैनिकांच्या अडकलेल्या टपालाने छतापर्यंत भरलेली, साधारण 1 कोटी 70 लाख नग, ख्रिसमसची पार्सलं पण त्यातच, आतल्या केकवर उंदरांनी ताव मारलेला.

आणि वाटणं म्हणजे नुसतं वाटणं नव्हतं हो. सैन्य रोज हलतंय, पाकिटावरचा पत्ता कधीच जुना झालाय, मग यांनी 70 लाखांच्या आसपास कार्डं ठेवली, नाव, सर्व्हिस नंबर, आत्ता कुठे आहे ते. नुसते रॉबर्ट स्मिथच साडेसात हजार! नंबर जुळवूनच कळणार कुठला रॉबर्ट. काही पाकिटांवर तर फक्त ज्युनिअर, यूएस आर्मी, बास. जो मेलाय त्याचं पत्र परत घरी पाठवायचं, तेही यांच्याच हातून. तीन पाळ्या, एकेका पाळीत 65,000 च्या आसपास नग, सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत उरकलं. हे ज्याला किरकोळ वाटतं त्याने दिवाळीच्या आठवड्यात एकदा सॉर्टिंगला बसून बघावं, मी बसलेय.

एक जनरल तपासणीला आला, सगळ्या हजर का नाहीत म्हणून भडकला (रात्रपाळीवाल्या झोपल्या होत्या, आणखी काय), म्हणे एक गोरा लेफ्टनंट पाठवतो तुला काम शिकवायला. अ‍ॅडम्सबाईंचं उत्तर, मी जिवंत असेपर्यंत तरी नाही, सर. कोर्ट मार्शलची धमकी झाली, पुढे काही झालं नाही.

नंतर फ्रान्समध्ये, रुआँला, तिघी जीपच्या अपघातात गेल्या तर अंत्यविधीचे पैसे आर्मीने दिले नाहीत, बाकीच्यांनी वर्गणी काढली. आता सांगा, युद्धसेवा नव्हती तर त्या तिघी नॉर्मंडीच्या लष्करी दफनभूमीत कशा?

यांची दखल न घेण्यामागे रंग आणि बाई असणं ही कारणं आहेतच, पण मला विचाराल तर 'कारकुनी काम' हा शिक्का यांना जास्त नडला. 1946 मध्ये तुकडी मोडली, ना परेड ना काही. काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकन संसदेचं, सुवर्णपदक मंजूर झालं 2022 मध्ये, तोवर अ‍ॅडम्सबाईंना जाऊन 20 वर्षं झाली होती.