पांढरा केस

दुपारी तीनच्या सुमाराला सोफ्याच्या पाठीवर एक लांब पांढरा केस सापडला. चिमटीत धरून खिडकीपाशी नेला. चांगला हातभर. आमच्या घरात पांढरे केस दोघांचे, सासूबाईंचे आणि घोड्याचे. घोडा आम्ही पाळलेला नाही, तो लेकीच्या व्हायोलिनच्या गजातून येतो. माझेही केस लांब आहेत, पण ते काळे आहेत असं मी धरून चालते.

टाकायला निघाले होते, पण सुट्टीतली ती पहिलीच दुपार होती जेव्हा घरात कुणी काही वाजवत नव्हतं. म्हणून बसले तशीच, केस बोटाला गुंडाळत.

घरात व्हायोलिन आलं की एका शब्दाचे हाल होतात. सकाळी निघायच्या गडबडीत मी ओरडते, ‘केस घेतलीस का?’ ही व्हायोलिनची. (तिला पेटी म्हणायची सोय नाही, पेटी म्हटलं की सगळ्यांना हार्मोनियम आठवते.) पाठोपाठ, ‘केस बांधलेस का?’ हे डोक्यावरचे. मग नवरा जिन्यातून, ‘केस सैल केलेस ना?’ हे गजाचे. लेक तिन्हींना एकदाच ‘हो’ म्हणते आणि तिन्हींतलं एक तरी खोटं असतं. बहुतेक डोक्यावरचं.

यंदाच्या सुट्टीचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं होतं. दोन आठवडे. पहिले पाच दिवस वाद्यवृंदाची कार्यशाळा, सकाळी नऊ ते दुपारी दोन. मग परीक्षेसाठीच्या रेकॉर्डिंगचा दिवस. मग गजाचे केस बदलायला नेणं. मग साइझ बघणं. मधेमधे शिक्षिकेकडे तास. धाकट्यानं तो कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, ‘यात माझी सुट्टी कुठली?’ मी बोटानं दाखवायला गेले, तर त्या चौकोनात ‘दात’ असं लिहिलेलं निघालं. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तेही तिलाच, पण व्हायोलिनसाठी नाही, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

पण कामं त्यालाही मिळाली. रेकॉर्डिंगच्या दिवशी फोन धरायचं काम त्याचं. नियम असा की तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवायचा, मधे कापाकापी चालत नाही. सात वेळा वाजवून झालं. तिसरा बरा होता, पण शेवटच्या सुरावर प्रेशर कुकर म्हणून जे काही जगात आहे ते बोललं. पाचवा फारच छान चालला होता. तेव्हा धाकट्याला शिंक आली आणि त्यानं ती दाबली. दाबलेली शिंक ही सोडलेल्या शिंकेपेक्षा मोठी असते हे तेव्हा कळलं. लेकीनं गज खाली घेतला, भावाकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता होतंय काहीतरी. तर ती हसत सुटली. दोघं हसत सुटली. सहावा वाया गेला, कारण ती शिंकेच्या जागेची वाट बघत वाजवत होती. सातवा पाठवला. सातवा काही ग्रेट नाही.

सासूबाई सातही वेळा समोर बसून होत्या. प्रत्येक वेळी संपल्यावर ‘छान’ म्हणाल्या. पाचव्यालासुद्धा.

साइझचं प्रकरण माझ्या डोक्याबाहेरचं आहे. मुलांची व्हायोलिनं अपूर्णांकांत मिळतात: पाव, अर्धं, पाऊण. मग पूर्ण. डावा हात लांब करायचा, व्हायोलिन खांद्यावर ठेवायचं, आणि टोकाशी जे गोगलगायीसारखं वेटोळं असतं ते तळहातात अलगद बसलं की माप बरोबर. लेकीचा हात आता अर्ध्याच्या पुढे गेलाय. धाकट्यानं टेप घेऊन खात्री केली. पूर्ण व्हायोलिनचं अंग सुमारे 14 इंच, आणि हे अर्धं 12 इंचांच्या वर. ‘म्हणजे हे अर्धं नाहीच,’ तो म्हणाला. ‘हे तर जवळजवळ पूर्ण आहे.’ गणितात कधी न दिसलेली चिकाटी त्याच्या चेहऱ्यावर होती. त्याला फसवल्यासारखं वाटत होतं. मलाही वाटलं, कारण मी तीन वर्षं त्या ‘अर्ध्या’च्या भरवशावर होते. अर्ध्यानंतर पाऊण, पाऊणनंतर पूर्ण, अजून बराच वेळ आहे, असं.

पण मी सांगत होते केसांबद्दल.

गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, दीडशे ते दोनशे. मंगोलिया, सैबेरिया अशा थंड मुलखांतल्या घोड्यांचे चांगले म्हणतात. वाजवता वाजवता एखादा तुटतो आणि हवेत तरंगत राहतो. लेक तो मुळापासून कापते, ओढत नाही, कारण एक ओढला की शेजारचे सुटतात. तुटलेले केस एकाच बाजूचे जास्त असले की गजाची काडी दुसरीकडे कलायला लागते. या कार्यशाळेत तिचे इतके तुटले की पाचव्या दिवशी गज एका बाजूनं विरळ दिसायला लागला, भांग रुंदावतो तसा. मला ते बघवेना. का, ते विचारू नका.

म्हणून केस बदलायला गेलो. दुरुस्ती करणारे गृहस्थ कमी बोलणारे. त्यांनी आधी जुने केस सपकन कापले, अख्खी बट एका वारात, आणि कचऱ्यात टाकली. लेकीनं माझा हात धरला. मग त्यांनी नव्या केसांची जुडी काढली, तिच्या टोकाला दोऱ्याचे घट्ट वेढे दिले, गाठीवर राळ चोळली आणि दिव्याच्या ज्योतीवर टोक धरलं. चर्र झालं. जळक्या केसांचा वास खोलीभर. ती गाठ गजाच्या टोकातल्या इवल्याशा चौकोनी खोबणीत बसवली, वरून लाकडाची पाचर ठोकली. गोंद नाही काही नाही, नुसती पाचर. आणि मग त्यांनी कंगवा घेतला. साधा बारीक दातांचा कंगवा. पाण्यात बुडवून वरपासून खालपर्यंत फिरवायला लागले. परत बुडवला, परत फिरवला. एकही केस दुसऱ्यावरून ओलांडून जाता कामा नये, सगळे शेजारी शेजारी फितीसारखे बसले पाहिजेत. पंधरा मिनिटं तरी विंचरत होते. घोड्यालासुद्धा आयुष्यात कुणी इतकं विंचरलं नसेल.

मी लेकीच्या डोक्याकडे पाहिलं. गाडीत बसताना ‘बांधलेत’ म्हणाली होती. रबर मनगटात होतं.

माझ्या लहानपणी सुट्टीची व्याख्या सोपी होती: वेणी नाही. शाळा असली की माझी आई मला दोन गुडघ्यांत धरून दोन घट्ट वेण्या घालायची. इतक्या घट्ट की भुवया जरा वर जायच्या आणि मी दिवसभर कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायचे. वर्गातल्या बाईंना वाटायचं मला गणित आवडतं. शेवटचा पेपर संपवून घरी आले की आई पहिलं काम करायची ते वेण्या सोडायचं. रिबिनी धुवून दोरीवर. डोक्याच्या कातडीला त्या दिवशी जे वाटायचं ते नेमकं काय होतं ते मला अजून सांगता येत नाही, दुखायचं आणि बरं वाटायचं, दोन्ही. मग कितीतरी दिवस कुणी केसांना हात लावायचं नाही. गुंता व्हायचा. गुंत्यात एकदा बडीशेपेएवढा किडा निघाला होता, तो मी काडेपेटीत ठेवला. दिवसभर काय करायचे मी सुट्टीत? आठवत नाही. जमिनीवर पालथी पडून फरशीचा गारवा पोटाला घ्यायचे, हे आठवतं. एवढंच करायचे बहुतेक.

गजाला मात्र रोज रात्री सुट्टी. वाजवून झालं की टोकाचा स्क्रू फिरवून केस ढिले करायचे, नाहीतर ताणानं काडीचा बाक जातो आणि तो गेला की गज कामातून गेला. मला याचं वेड लागलंय. झोपायच्या आधी गॅस बंद आहे का बघते, दार बघते, मग व्हायोलिनची केस उघडून गजाचे केस बघते. एकदा तर मध्यरात्री उठून गेले होते. ढिलेच होते. मी आणखी थोडे ढिले केले. सकाळी लेक म्हणाली, ‘आई, आता हे लोंबतायत.’

गजाला रोज सैल सोडतात आणि आपण पोरीला सुट्टीतसुद्धा ताणून धरलंय, ही उपमा मला इतकी पसंत पडली की मी ती नवऱ्याला ऐकवली. तो गाडी चालवत होता. म्हणाला, ‘रोज सकाळी परत घट्टही करतात.’ पुढच्या सिग्नलपर्यंत मी बोलले नाही.

शिवाय पोर ताणलेली वाटत असती तर गोष्ट वेगळी. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला लवकर पोचले. दाराच्या काचेतून दिसलं. चाळीसएक पोरं, सगळे गज एकदम वर आणि एकदम खाली. ती दुसऱ्या व्हायोलिनांमध्ये मागच्या रांगेत, जिथं सूर कमी आणि थांबणं जास्त असतं. तिचे ओठ हलत होते. मोजत होती. बत्तीस मात्रा गप्प राहायचं आणि तेहतिसाव्याला यायचं. आली. बरोबर आली. आणि शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसलं. घरी हे आम्हाला कधी दिसलं नसतं. घरी आम्ही तिला एकटीलाच ऐकतो. गप्प राहण्यातही ती इतकी तरबेज झालीय हे आम्हाला कसं कळणार?

तर, नवे केस घातलेला गज घेऊन ती तिथंच उभी राहिली. व्हायोलिन खांद्यावर, गज तारेवर, आणि ओढला. काहीच नाही. आवाज नाही म्हणजे नाहीच. हलकी फुस्स, हात फिरवल्यावर कापडाची होते तेवढी. गज पूर्ण गेला, पूर्ण आला, तार ढिम्म. तिचा चेहरा पांढरा. गृहस्थ पहिल्यांदा हसले आणि राळेचा खडा पुढे केला. नुसता केस तारेवरून घसरतो. पाइनच्या चिकापासून केलेली राळ लागली तरच तो तारेला धरतो, ताणतो, तार निसटते, परत धरतो. सेकंदाला शेकडो वेळा हे धरणं-सुटणं चालतं, आणि त्याचाच आवाज होतो. लेकीला हे पुस्तकातून पाठ होतं. पण केस कोरा असला तर व्हायोलिन मुकं होतं हे तिनं ऐकलं नव्हतं, म्हणजे ऐकलं नाही ते तिनं त्या दिवशी ऐकलं. खडा घासत राहिली. पांढरी भुकटी फ्रॉकवर पडली. पाचसहा मिनिटांनी एक खरखरीत सूर आला आणि आम्ही दोघींनी श्वास सोडला.

शिक्षिकेनं सुट्टीत फार काही दिलं नव्हतं. रोज थोडा वेळ मोकळ्या तारेवर नुसता गज ओढायचा, अगदी हळू. लहान सुरातून मोठ्यात, मोठ्यातून लहानात. डाव्या हाताला काम नाही. मला हे फसवाफसवीचं वाटलं होतं, फी घेऊन रिकामी तार. तर त्यांनी सांगितलं की 1760 साली तार्तिनी नावाच्या मोठ्या इटालियन वादकानं व्हेनिसमधल्या मद्दालेना लोम्बार्दिनी या मुलीला पत्रातून शिकवणी दिली होती, आणि त्यात आधी हेच करायला सांगितलं होतं. मोकळी तार, रोज निदान तासभर, थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी. ते पत्र पुढे छापलं गेलं आणि आजही शिकवणारे वाचतात. मला प्रश्न पडला तो वेगळाच. त्या मुलीच्या घरच्यांनी, किंवा ती जिथं राहत होती तिथल्या बाकीच्यांनी, तो रोजचा एक तास कसा काढला असेल? एकच तार. पत्र लिहिणारा दुसऱ्या गावी होता. बरं आहे त्याचं.

आमच्याकडे तासभर नाही होत. वीस मिनिटं. सासूबाई तेव्हाही समोर. परवा मी आतून ऐकलं, एक लांब सूर संपला, शेवट कुठं झाला ते कळलंच नाही, आणि मग बराच वेळ कुणी ‘छान’ म्हणालं नाही. डोकावून पाहिलं तर त्या खुर्चीत झोपल्या होत्या, आणि लेक गज वर धरून, पुढचा ओढू की नको, अशी उभी.

संध्याकाळी सगळे घरी आले तेव्हा मी तो केस दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावला. ‘माझा नाही ग. माझे आता आखूड झालेत, अन् पातळ.’ लेकीनं तो घेतला, अंगठा आणि बोटाच्या मधून एकदा सरकन ओढला. एकदा माझ्या बाजूनं, एकदा तिच्या बाजूनं. ‘राळ नाही याला,’ ती म्हणाली. ‘माझ्या गजातला नाही.’ मग तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, बत्तीस मात्रा असतात तशी गप्प राहिली, केस माझ्या हातात ठेवला आणि आत गेली. आतून स्क्रू फिरवल्याची बारीक कुरकुर ऐकू आली.

मी तो खिडकीतून सोडून दिला. आणि लगेच वाकून पाहिलं, कुठं पडतो ते. दिसला नाही.