तिसरा रकाना

निरोपात ‘फक्त मोठ्यांसाठी’ असं लिहिलेलं होतं. त्यावरून इंदुरातल्या आमच्या राजेंद्रनगरच्या बायकांच्या ग्रुपवर दिवसभर चेष्टा चालली. प्रत्यक्षात भानगड अगदी सोवळी होती. वसंतातले आठ रविवार, सकाळी सहाला सिरपूर तलावाच्या फाटकापाशी जमायचं, एक माहितगार मुलगा पक्षी दाखवणार, आणि मुलं आणायची नाहीत. मुलांसाठी शिबिरं असतात, सहली असतात. मोठ्यांना कोण काय दाखवतं? मोठ्यांना लोक फक्त फ्लॅट दाखवतात. मी नाव दिलं.

घरी सांगितलं तर ह्यांचा पहिला प्रश्न, “सहाला जायचं म्हणजे उठणार किती वाजता?” प्रश्न रास्त होता. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा ही वाटणी झाली तेव्हा आमच्या पदरात रात्र पडली, आणि ती आम्ही इमानाने सांभाळतो. रात्री एक वाजता सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खाणारं हे गाव. इथे पहाटेचं कौतुक कुणी केलेलंच नाही. इंदूरची पहाट म्हणजे कचऱ्याची गाडी आणि तिचं गाणं. मला तर गाडीच्याही आधी उठायचं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण जमलो. स्वेटर, माकडटोप्या, दोघांच्या गळ्यात स्वतःच्या दुर्बिणी, बाकीच्यांना त्या मुलाने वाटल्या. मुलगा कुठल्याशा कंपनीत इंजिनीअर आहे आणि रविवारी हे करतो. त्याने दुर्बीण कशी धरायची ते दाखवलं. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायचा, मान आणि नजर तिथेच ठेवायची, आणि मग दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसलं की नुसतं आभाळ फिरतं. चष्मेवाल्यांनी रबरी कप आत फिरवून घ्यायचे. मी ते फिरवले, दुर्बीण लावली आणि म्हणाले, काहीच दिसत नाहीये. पुढच्या भिंगांची झाकणं काढायची राहिली होती.

मग तो म्हणाला, “सामने जो बबूल है ना, उसको घडी समझिए. दो बजे पे देखिए.” आमच्यातल्या एक सुदामानगरच्या काकू मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाल्या, “दोनपर्यंत थांबायचं? मला तर नऊला घरी पोचायचंय.”

कुणी हसलं नाही, कारण बाकीच्या निम्म्यांनाही ते तेव्हाच कळलं होतं. मुलं आणि मोठी माणसं यांतला फरक मला त्या सकाळी नीट दिसला. मुलं कावळ्याला गरुड म्हणून मोकळी होतात. मोठी माणसं समोर बगळा उभा असला तरी तोंड उघडत नाहीत, न जाणो बगळा नसला तर! पहिला तासभर आम्ही गुडघे, कुत्री आणि धार रोडची रहदारी यांवरच बोललो. एका गृहस्थांकडे आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप होतं. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांत जास्त पक्षी मोजले आणि मान वर करून एकही बघितला नाही.

सिरपूर तलाव होळकरांनी बांधला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आम्ही लहानपणापासून तो बसच्या खिडकीतून बघत आलो. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांबद्दल एक करार झाला, त्याच्या जागतिक यादीत २०२२ मध्ये सिरपूर आणि आपला यशवंत सागर हे दोन्ही गेले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरच्या जोडीने इंदूर देशातलं पहिलं मान्यताप्राप्त ‘पाणथळ शहर’ झालं. पाटी बघून अभिमान वाटतोच. पण मला जास्त आवडली ती त्या मुलाने सांगितलेली गोष्ट. हा तलाव पावसाळ्यात काठोकाठ भरला तरी खोली जेमतेम दोन मीटर. एवढा उथळ, म्हणूनच बदकांना सोयीचा. शेपूट वर आणि डोकं पाण्यात घालून त्यांना तळाचं खाता येतं. खोल पाणी माणसांना लागतं, पोहायला आणि बढाया मारायला.

मी वहीत एकोणीस नावं लिहून आणली. एक रकाना इंग्रजीचा, एक हिंदीचा, कारण तो मुलगा दोन्ही सांगायचा. घरी आल्यावर सासूबाईंना वाचून दाखवली. आई त्र्याऐंशीच्या आहेत. जन्म रामबागेतला, सगळं आयुष्य इंदुरात, आणि भाजीवाल्याशीसुद्धा मराठीतच बोलतात, त्याला कळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यांना आपल्यात काय म्हणतात?”

मला सांगता येईना. मग मी वर्णन करायला लागले. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीला मधोमध एक बारीक काडी. तारेवरून उडतो, हवेत गिरकी घेतो, माशी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

“अगं, वेडा राघू तो!”

आता हे नाव मी जन्मभर ऐकलेलं आहे. कुणी मुलगा उगीच येरझाऱ्या घालायला लागला की आमच्याकडे म्हणायचे, काय वेड्या राघूसारखा करतोयस. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालेला पोपट. पन्नाशी उलटल्यावर कळलं की तो पोपट नाही आणि वेडा तर नाहीच. मधमाशी पकडली की फांदीवर आपटून, घासून तिची नांगी काढतो आणि मगच गिळतो. एवढा हिशेबी प्राणी आमच्या घरात दुसरा नाही.

तेव्हापासून वहीत तिसरा रकाना पडला. तो तलावावर भरायचा नाही, घरी चहाच्या वेळी भरायचा. मी रंग, आकार, चाल सांगायची आणि आईंनी नाव काढायचं. त्यांनी यातले निम्मे पक्षी कधी टक लावून पाहिलेले नव्हते. नावं मात्र होती, म्हणींत, रागावण्यात, शकुनात. ‘सातभाईंसारखा कलकलाट काय लावलाय’ हे वाक्य माझ्या नवऱ्याने आणि नणंदांनी लहानपणी रोज ऐकलंय. ते सातभाई आमच्याच मागच्या आवारात पाचोळा उलटत फिरत असतात, मातकट रंगाचे, रागीट पिवळ्या डोळ्यांचे. इंग्रजांनी त्यांना सात बहिणी केलं. खरं तर थव्यात भाऊही असतात आणि बहिणीही, आणि एकाची पिलं सगळे मिळून भरवतात. भांडणही सगळे मिळूनच करतात. एकत्र कुटुंब म्हणावं तर असं.

त्याच सातभाईंच्या घरट्यात पावशा अंडं घालून जातो, हे आईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. पावशाविषयी त्यांचं मत चांगलं होतं. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सांगणारा, शेतकऱ्याच्या भल्याचा पक्षी. आमचा मुलगा म्हणाला, “हमारे इधर तो ‘पी कहाँ’ बोलते हैं.” म्हणजे पक्षी एकच, एकाला त्यात पेरणी ऐकू येते आणि दुसऱ्याला विरह. इंदूरच्या मराठी माणसाची ही जुनीच अडचण आहे. मार्चच्या शेवटी एका पहाटे तो ओरडायला लागला तेव्हा मी अंथरुणात पडल्या पडल्या दोन्ही लावून पाहिलं. दोन्ही बसतं.

चौथ्या रविवारी एक बदकांची जोडी काठाशी आली. मुलगा सांगत होता, ठिपकेवाल्या चोचीचं बदक, हिंदीत गुगरल, स्थलांतर करत नाही, बारा महिने इथेच असतं. मी दुर्बिणीतून बघत होते. काळी चोच, टोकाला पिवळीधमक, आणि कपाळाशी जिथे चोच सुरू होते तिथे दोन लाल ठिपके. शेजारी वैशालीनगरच्या एक बाई उभ्या होत्या, त्यांचं माहेर नाशिकचं. त्या हळूच म्हणाल्या, “आमच्याकडे ह्याला हळदीकुंकू म्हणतात.”

आम्ही चौघी मराठी बायका होतो. चौघींनी दुर्बिणी खाली केल्या, एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा लावल्या. खरंच, बोट हळदीत बुडवून टोकाला लावावं आणि कुंकवाची दोन बोटं वर टेकवावीत, तसं. चैत्र तोंडावर आला होता. त्या वर्षी आमच्याकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर मी त्या बदकाचा फोटोही सगळ्यांना दाखवला. बहुतेकींनी ‘अय्या’ म्हणून डाळ किती आंबट झालीय तिकडे मोर्चा वळवला. पण दोघी पुढच्या रविवारी सहाला फाटकापाशी हजर होत्या.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त दिवस पुरला तो तांबट. तो तलावावर बघायची गरजच नव्हती, आमच्या मागच्या उंबरावरच असतो. जानेवारी संपता संपता सुरू होतो, टुक, टुक, टुक, एका लयीत, दुपार टळेपर्यंत. आईंना तो ऐकला की कसेरा बाजार आठवतो. लग्नातली भांडी तिथूनच घेतलेली, आणि तेव्हा पितळ-तांबं ठोकल्याचा आवाज पार राजवाड्यापर्यंत यायचा म्हणे. हिंदीत ह्यालाच बसंता म्हणतात. आम्हाला त्यात हातोडा ऐकू आला, त्यांना वसंत. ह्या एका बाबतीत मी हिंदीला पूर्ण मार्क देते.

आवाज रोज ऐकायची, पण पक्षी सापडायला मला तीन आठवडे लागले. डावीकडून आवाज येतोय म्हणून तिकडे बघावं तर तो उजवीकडून यायला लागतो. कारण पुढे कळलं. तो बसलेला एकाच जागी असतो, फक्त ठोका घालताना मान इकडून तिकडे फिरवतो. शेवटी एका सकाळी उंबराच्या वाळक्या शेंड्यावर ऊन खात बसलेला सापडला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, बुटका, हिरवा. कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं, गळ्याशी लाल पट्टा, पाय लाल. आणि चोच बंद! मी दुर्बीण पुसून पुन्हा लावली. चोच बंद ठेवून तो ठोके घालत होता. प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजू फुगायच्या आणि बसायच्या, भाता चालावा तशा. तोंड न उघडता दिवसभर बोलता येतं, हे मी घरी कुणाकडे बघून सांगितलं ते लिहीत नाही.

आईंना कानाला आता कमी ऐकू येतं. बारीक, चिरके आवाज तर गेलेच. शिंपी, धोबी, मुनिया हे पक्षी त्यांच्यासाठी मुके झाले. पावशाही त्या सकाळी त्यांना ऐकू आला नव्हता. मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, ऐकल्यासारखी. तांबटाचा ठोका मात्र खर्जातला, तो पोचतो. दुपारी त्या खाटेवर पडून असतात, डोळे मिटलेले, आणि मधेच म्हणतात, “आज दोघं आहेत.” मी कान देऊन ऐकते. एक आपल्या उंबरावर, दुसरा पार कोपऱ्यावरच्या पिंपळावरून, जरा वेगळ्या लयीत. दोघंच असतात.

एकच पक्षी असा निघाला की तिसऱ्या रकान्यात काय लिहावं ते आईंनाही सुचेना. रंगपंचमीनंतरचा रविवार होता. राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, आमच्यातले तिघे जाऊन आलेले, त्यांच्या कानामागे गुलाल अजून तसाच होता. तलावाच्या वाटेवर एका सावरीला शेवटची फुलं होती आणि तिच्यावर पन्नास-साठ साळुंक्या तुटून पडलेल्या. साळुंक्याच, पण डोकं, पंख आणि शेपटी काळीभोर आणि मधलं सगळं अंग गुलाबी. पुस्तकात पळस मैना असं नाव आहे. मुलगा म्हणाला, हिवाळ्यात यांना बघाल तर मळकट दिसतात, आता उजळल्या. मी विचारलं, रंग चढतो का वसंतात? तो म्हणाला, “मॅडम, रंग चढता नहीं है, मैल उतरता है.” नव्या पिसांच्या टोकांना मातकट किनार असते. ती हिवाळाभर झिजत जाते आणि खालचा गुलाबी उघडा पडतो.

घरी येऊन सगळं सांगितलं. आईंनी पळस मैना हे नाव दोनदा म्हणून बघितलं आणि नापास केलं. “मैना काय, साळुंकीच ती. रंगपंचमी खेळून आलीय आणि आंघोळ करायची राहिलीय.”

“उलट आहे आई, धुतल्यावर गुलाबी होते ती.”

“मग तर इंदूरचीच.”

मी तिसऱ्या रकान्यात ‘रंगपंचमीची साळुंकी’ असं लिहिलं. आमच्या मुलाने ते वाचून घेतलं आणि स्वतःच्या वहीतही उतरवलं, देवनागरीत, ‘ळ’ जरा वाकडा काढून.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी गेलो तर सावर हिरवी झाली होती आणि झाडावर कुणी नव्हतं. हवाही तापायला लागली होती, साडेसातलाच स्वेटर कमरेला बांधावा लागला. नंतर नेहमीसारखे जिरावण मसाला घातलेले पोहे खाल्ले, जिलेबी खाल्ली. (पोहे वाफेवरचे. आमच्या घरात त्यांना पोहे म्हणायचं की नाही यावर पन्नास वर्षं वाद आहे.) घरी पोचले तेव्हा आई चहा घेत होत्या.

“ती होती का गं, रंगपंचमीची?”

“नाही, गेल्या सगळ्या. मध्य आशियाकडे. तिकडे टोळ खातात, पिलं काढतात.”

“परत?”

“जुलै-ऑगस्टात यायला लागतात. तेव्हा पुन्हा मळक्या दिसतील.”

“मळतीलच,” आई म्हणाल्या. “एवढा प्रवास.” आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.