बडोदा ते श्टुटगार्ट: दोन सिम आणि आईची लँडलाइन

जानेवारी २०२३ ते मार्च २०२४, असे चौदा महिने मी जर्मनीत श्टुटगार्टला काढले. मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्याने मशीनच्या कामासाठी पाठवलं होतं. आता दुसरी तुकडी निघालीय आणि रोज कुणीतरी विचारतं, "दिघे, सिमचं काय करायचं?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काम बडोद्यातूनच सुरू होतं. इथलं सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघायच्या आधी सुरू करून घ्या. अलकापुरीतल्या दुकानात माझं ते दहा मिनिटांत झालं. रिचार्जची तारीख घरच्या कुणाच्या तरी गळ्यात मारा. डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्या सिमवर आलेला फोन उचलू नका, मिनिटाचे पैसे लागतात. येणाऱ्या एसएमएसला सहसा लागत नाहीत. आणि जाताजाता हौसेने नवा हँडसेट घेणार असाल तर यूपीआय त्यावर घरीच चालू करून घ्या. ते अ‍ॅप नव्या फोनवर बसताना तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं. परदेशातून तो कधी जातो, कधी जात नाही.

तिथलं सिम हा वेगळा विषय. मोबाइलच्या कराराला बँक खातं लागतं, बँकेला मोबाइल नंबर लागतो आणि दोघांनाही महापालिकेत पत्त्याची नोंद केल्याचा कागद, ज्याला ते 'आनमेल्डुंग' म्हणतात, तो दाखवावा लागतो. या चक्रातून सुटायचं तर सरळ प्रीपेड घ्या. आल्डी, लिडलसारख्या किराणा सुपरमार्केटमध्ये, दूध-ब्रेड घेता घेता सिम मिळतं आणि गल्ल्यावर रोख देऊन रिचार्जही होतो. पॅक चार आठवड्यांचा, म्हणजे आपल्या २८ दिवसांचाच भाऊ. मात्र जुलै २०१७ पासून तिथे ओळख पटवल्याशिवाय प्रीपेडही चालू होत नाही. व्हिडिओ कॉलवर एक बाई पासपोर्ट हातात धरायला सांगतात, मग "थोडा तिरका करा, अजून थोडा". माझ्या पासपोर्टवरची चकाकी त्यांना काही केल्या दिसेना. तीनदा प्रयत्न केला, शेवटी पोस्टात जाऊन काम झालं. तुम्ही आधीच पोस्टात जा.

करार करू नका हे मी ओरडून सांगतो, कारण माझ्याबरोबर गेलेल्या मित्राने केला. दुकानदाराने एक युरोत हँडसेट दाखवला आणि हा पाघळला. करार २४ महिन्यांचा, आमचं काम चौदा महिन्यांचं. उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे त्याने बडोद्यात बसून भरले. डिसेंबर २०२१ पासून कायदा बरा झालाय, पहिली मुदत संपली की पुढे महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. पण ती पहिली मुदत सहसा चुकत नाही. ऑनलाइन घेतलं असतं तर १४ दिवसांत परत करता आलं असतं, दुकानात सही केली की ती सोयही नाही.

एक खड्डा माझा स्वतःचा. युरोपीय संघात २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, म्हणून मी बिनधास्त कोन्स्टान्झला तळं बघायला गेलो. शहर जर्मनीत, पण पलीकडे लगेच स्वित्झर्लंड, आणि स्वित्झर्लंड संघात नाही. फोनने परस्पर तिकडचा टॉवर पकडला. मी बाकावर बसून आपला बडोद्याचा लीला चिवडा खात होतो, तेवढ्यात शिल्लक शून्य. काही पॅकमध्ये स्वित्झर्लंड धरलेलं असतं, काहींत नसतं. सीमेजवळ जाताना नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

आता बोलण्याचं. जर्मन माणूस फोन उचलला की नुसतं आडनाव सांगतो, "म्युलर!" आपण "हॅलो, हॅलो" करत बसलो की पलीकडे शांतता. आपणही आडनाव सांगायचं, आणि ते अक्षरं फोडून सांगायची तयारी ठेवायची. माझं D-I-G-H-E असं पाठ झालं होतं: डोरा, इडा, गुस्ताफ, हाइनरिश, एमिल. फोन ठेवताना "पुन्हा भेटू" नाही, "पुन्हा ऐकू" अशा अर्थाचं 'आउफ व्हीडरह्योरन' म्हणतात. मला ते फार आवडलं.

नंबर ऐकून लिहून घ्यायचा तर घाम फुटतो. ते जोड्यांनी सांगतात आणि एकं आधी म्हणतात: ८७ म्हणजे 'झीबेन-उंड-आख्ट्सिश', सात आणि ऐंशी. पहिला महिनाभर मी डोक्यात इंग्रजी करत होतो आणि ७८ लिहीत होतो. मग एक दिवस लक्षात आलं, अरे, हे तर आपलं सत्त्याऐंशी! सात आधी, ऐंशी नंतर. मराठीत ऐकायला लागलो आणि चूक थांबली. आमच्यातला पटेलही गुजरातीत ऐकून सुटला. चेन्नईचा सहकारी मात्र शेवटपर्यंत एकेक आकडा वेगळा सांगायची विनंती करायचा, कारण तमिळमध्ये ऐंशी आधी येतात. दोनला 'त्स्वाय'ऐवजी 'त्स्वो' म्हणतात, तीनच्या 'ड्राय'शी गल्लत नको म्हणून. आणखी एक, तिथले सगळे नंबर सारख्या लांबीचे नसतात. आकडे मोजून "एक कमी पडतोय" म्हणू नका. मोबाइल ०१५, ०१६ किंवा ०१७ ने सुरू होतो, ०८०० फुकट, ०९०० ला हात लावू नका. आग आणि रुग्णवाहिका ११२, पोलिस ११०. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा तर ११६११७.

आईची लँडलाइन दांडिया बाजारच्या घरात आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप तिला नको. पहिल्या रात्री तिचा नंबर लागेचना. मी तो ०२६५ लावून ठेवला होता. बाहेरून शून्य काढून ००९१ २६५ असा फिरवायचा, एवढंच. लहानपणी रावपुऱ्याच्या एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर दर कमी होतात म्हणून बाबा रांगेत उभे राहायचे, ते आठवलं. आई नऊला झोपते. म्हणजे तिथले हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. चहाच्या सुट्टीतच फोन करावा लागे. भारतात बोलायचं वेगळं पॅक मिळतं, ते न घेता साध्या दराने लँडलाइनला बोललात तर शिल्लक बघता बघता जाते.

सवय अजून गेलेली नाही. परवा फोन वाजला, मी उचलून म्हणालो, "दिघे!" पलीकडून गॅस सिलिंडरवाल्याचा आवाज आला, "हा दिघेभाई, बाटलो आव्यो छे, नीचे आवो."