आमची वाटचाल : अडीच सुताचा पेच

आमचं वर्कशॉप मुळात पिना आणि बुश (भोकात बसवायच्या धातूच्या नळ्या) करणारं. एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखेच छोटे कारखानदार. झिजलेला भाग आणून टाकायचे, आम्ही तसाच नवा करून द्यायचो. नमुना समोर असला की डोकं फारसं चालवावं लागत नाही. नमुनाच हरवलाय आणि तरी तो भाग हवाय, हे काम आमच्याकडे एका पाळण्याने आणलं.

एका जुन्या गिऱ्हाइकाने घरातला लाकडी पाळणा आणला. दोन खांबांची घोडी, मधे झुलणारी पेटी. पेटी ज्या दोन बोल्टांवर झुलायची ते दोन्ही गायब. लाकडात बसवलेले पितळी नट मात्र जागेवर होते. मी आठ मिलिमीटरचा बोल्ट लावून बघितला, तो धरला. मला वाटलं, काम झालं. तीन वेढ्यांनंतर तो अडकला आणि मी पोराला म्हणालो, "पान्हा लाव, जरा जोर दे." जोर दिला. जुन्या नटाचे आटे भुग्यासारखे बाहेर आले.

आमचे टर्नर मामा तेव्हा जेवून आले होते. त्यांनी नट हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, हे अडीच सूत आहे. मिलिमीटरचं नाही."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी. आठपासून इतकं जवळ की बोल्ट फसवून आत शिरतो. फरक आट्यांत असतो. या इंची मापात इंचाला १८ आटे, म्हणजे दर वेढ्याला १.४१ मिमी. आठच्या मेट्रिक बोल्टला १.२५. तीन वेढ्यांत जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक साठतो, आणि तिथेच तो अडकतो. तिथे थांबायचं असतं. मी थांबलो नाही. नट नव्याने करून द्यावा लागला, अर्थात आमच्या खर्चाने.

त्याच आठवड्यात आटे ओळखायचं थ्रेड गेज घेतलं, करवतीसारखी पाती असलेलं. इतकी वर्षं त्यावाचून चाललं होतं याची आता लाज वाटते. पुढे कळलं की इंची आटेसुद्धा एका जातीचे नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी पद्धतीत ६० अंशांचा. दोन सूत आणि अडीच सूत मापांत दोन्हींच्या आट्यांची संख्या सारखीच, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जातो, पण नीट बसत नाही. अर्धा इंचाला मात्र एकीकडे १२ आटे, दुसरीकडे १३. तिथे सोंग लगेच उघडं पडतं.

त्या गिऱ्हाइकाने चार जणांना सांगितलं (नट मोडल्याचं नाही, भाग मिळाल्याचं), आणि पाळणे येऊ लागले. बहुतेक लोक हरवलेल्या भागाचं नाव विचारत येतात. नाव कळलं की कुठेतरी तयार मिळेल, अशी आशा. सहसा मिळत नाही. पण त्या भागाची बरीचशी हकिकत लाकडावर लिहिलेली असते. भोकाभोवती रंग न लागलेलं वर्तुळ दिसलं तर तो वायसरचा व्यास. तांबूस काळा डाग असेल तर भाग लोखंडी होता, हिरवट असेल तर पितळी. भोक लांबट झालं असेल तर ज्या बाजूला झिजलं तिकडे भार होता, आणि न झिजलेली बाजू मूळ माप सांगते. म्हणून हात जोडून विनंती असते की पाठवण्याआधी पाळणा घासूनपुसून चकचकीत करू नका. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर १९७८ मध्ये बंदी आली. तसला रंग कोरडा घासून धूळ उडवणं कुणाच्याच हिताचं नाही.

सगळ्यात जास्त हरवते ती अडकवणीची पिन, झोका थांबवून पेटी सरळ धरणारी. तिच्यावाचून पाळणा झुलतो, त्यामुळे ती गेली हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एका टोकाच्या फळीत विनाकारण दिसणारं भोक तिचंच असतं. एकांनी ते लाकडी खुंटी ठोकून 'दुरुस्त' केलं होतं.

एक पाळणा दीडशे वर्षांचा म्हणून आला. खाली फुलीच्या खाचेचे स्क्रू. हेन्री फिलिप्स यांची त्यावरची पेटंटं १९३६ ची. स्क्रू नंतरही बदलले असतील, एवढंच मी म्हणालो. मालकांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या एकांनी झिजलेली भोकं सोडून चार इंच खाली नवी पाडली होती. रिकामी पेटी छान झुलायची, आत वजन ठेवलं की कलंडायची. पेटी ज्या बोल्टांवर झुलते ती जागा भरलेल्या पेटीच्या गुरुत्वमध्याच्या वर हवी, तरच ती मधे परत येते. मूल हातांवर उठू लागलं की तो मध्य आणखी वर सरकतो. मूल उठू लागताच पाळणा बंद करायचा तो याचसाठी. ती भोकं आम्ही बुजवली आणि जुन्या जागी पितळी बुश बसवले.

आता काम घेताना आधी विचारतो की यात बाळ झोपणार की पाळणा नुसता ठेवायचा आहे. दांड्यांमधली फट ६० मिमीपेक्षा जास्त असेल तर भाग करून देतो, पण बाळ ठेवू नका असं बिलावर लिहितो. यावरून दोन ऑर्डरी गेल्या. जाऊ देत.

परवा एका ताईंचा फोन आला. आम्ही पिन करून दिल्यावर तीन महिन्यांनी मूळ पिन कपाटाच्या खणामागे सापडली होती. "तुमची जाड आहे हो," त्या म्हणाल्या. मी दोन्ही मागवून घेतल्या. जुनी एका बाजूने ०.४ मिमी झिजलेली, दुसऱ्या बाजूने आमच्याच मापाची. मामांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली, वहीत माप लिहिलं आणि दोन्ही एकाच पुडीत बांधून परत पाठवल्या.