उसना धूर

मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याची, म्हणजे क्रॉकपॉटची, एक उणीव उघड आहे: त्यात काहीही खमंग होत नाही. आतला रस्सा उकळीच्या जेमतेम अलीकडे रेंगाळतो, वाफ झाकणाखालीच राहते आणि त्या ओलाव्यात कांदा मऊ पडला तरी लाल होत नाही. हा दोष त्याच्या जन्मातच आहे. लिथुआनियातील ज्यू घरांतून शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, आग पेटवायची नसल्यामुळे शुक्रवारीच चोलंटचे, म्हणजे मांस आणि कडधान्याच्या दाट रश्शाचे, भांडे बेकरीच्या भट्टीत ठेवले जाई. आईकडून ही हकिकत ऐकलेल्या आयर्व्हिंग नॅक्सन यांनी असे विजेचे भांडे घडवून १९४० साली त्याचे पेटंट मिळवले आणि १९७१ मध्ये ते क्रॉकपॉट या नावाने बाजारात आले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत, या उणिवेवर एक देखणा उपाय रूढ आहे आणि जॉर्जियात राहून मी तो आनंदाने उचलला आहे. आग बाहेर कुठेतरी आधीच पेटलेली असते. तिचा धूर टर्की पक्ष्याच्या तंगडीतून भांड्यात आणायचा. पूर्वी या जागी डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा घालत असत, पण डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी टर्की जवळ केली. मिठाच्या पाण्यात मुरवून हिकरीसारख्या लाकडाच्या धुरात शिजवलेल्या या तंगडीचे मांस आतून गुलाबीच दिसते. तो रंग मुरवणीतल्या नायट्राइट या मांस टिकवणाऱ्या क्षारामुळे टिकतो, कच्चेपणामुळे नव्हे, आणि नवख्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. लाकूड जळताना तयार झालेली ग्वायकॉलसारखी सुगंधी द्रव्ये कातडीत आणि चरबीत मुरलेली असतात. मंद आचेवर ती सावकाश रश्शात उतरतात, हाडाभोवतीच्या कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जिलेटिन होते आणि पातळ पाण्याला अंगचा दाटपणा येतो.

सोबतीला मी बहुधा चवळी घेतो. पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत पोचलेले हे कडधान्य आपल्याही घरातले आहे, त्यामुळे परकेपणा वाटत नाही. राजमा मात्र कच्चाच या भांड्यात टाकू नये. त्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन एवढ्या मंद आचेवर नष्ट होईलच असे नाही, म्हणून तो भिजवून आधी चांगला अर्धा तास खळखळ उकळावा लागतो. कोलार्ड या कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची जाड, चिवट पाने घातली, तर तीही याच रश्शात मुकाट्याने मऊ होतात. शेवटी तंगडी बाहेर काढून मांस सोडवताना काड्यांसारखे कडक स्नायुबंध निवडून टाकणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळता येत नाही.

मीठ चव पाहूनच घालावे, कारण बरेचसे तंगडीनेच आणलेले असते. गरम मसाल्याला इथे काम नाही. तो धुरावर कुरघोडी करतो. तिथली माणसे वाढताना वरून मिरच्या मुरवलेले व्हिनेगर शिंपडतात आणि लिंबाची सवय असूनही मला इथे तेच अधिक योग्य वाटते.